पुस्तक हिसकावण्यापूर्वी

गेल्या मे महिन्यात आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात पालकांची एक बैठक भरली होती. विषय होता धर्मशिक्षणाच्या नव्या वर्षाच्या नियोजनाचा. बैठक संपत आली असता एक भगिनी उठल्या. त्यांनी पिशवीतून तीन जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या काढल्या आणि धर्मगुरूंच्या पुढ्यातल्या टेबलावर ठेवल्या. एकीच्या काळ्या मुखपृष्ठावर दोन हातांच्या ओंजळीत लाल सफरचंद होते, दुसरीवर चष्मा लावलेला जादूगार मुलगा होता आणि तिसरीच्या सोनेरी वेष्टनावर ड्रॅगन उडत होते. "ही माझ्या मुलीच्या उशीखाली सापडली. दहावीचं वर्ष आहे. एकात रक्त पिणारा भूत, एकात चेटूक, आणि तिसऱ्याचं एक पान उघडलं ते वाचून मान खाली घालावी लागली. रोज जपमाळ होणाऱ्या घरात ही पुस्तकं हवीत कशाला?" असा त्यांचा प्रश्न होता. सभागृहात टाळ्या पडल्या. एका गृहस्थांनी सूचना मांडली की धर्मग्रामाच्या वाचनालयात या जातीची जी जी पुस्तके असतील ती सर्व बाहेर काढावीत. दुसऱ्या गृहस्थांनी लगेच अनुमोदन दिले.

त्या वेळी मागच्या बाकावरून त्या भगिनींची मुलगीच बोलली. "फादर, यांतलं एक तरी पुस्तक इथं कुणी वाचलंय का?" आईने डोळे वटारले. बाकी कोणी काही बोलले नाही. आम्हीही बोललो नाही, कारण आम्हीही वाचले नव्हते. टाळ्या मात्र आम्हीही वाजवल्या होत्या.

त्या टाळ्यांची लाज आम्हांला घरी पोचेपर्यंत पुरली. दुसऱ्या दिवशी आईची आणि मुलीची अशी दोघींची परवानगी घेऊन आम्ही ती तीनही पुस्तके आणली आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत शब्दकोश हाताशी ठेवून वाचून काढली. ती सूचना आता ठरावाच्या रूपाने येत्या सभेपुढे यायची आहे. तत्पूर्वी आमचे मत या पानांवर स्पष्टपणे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. ते मत असे की, मुलीच्या हातून पुस्तक हिसकावणारे पालक आणि 'वाचतेय ना काहीतरी, मोबाइलपेक्षा बरं' म्हणून मोकळे होणारे पालक हे परस्परांचे विरोधक नव्हेतच. दोघेही एकच कष्ट चुकवीत असतात. ते कष्ट म्हणजे ते पुस्तक स्वतः उघडून वाचण्याचे.

प्रथम हिसकावणाऱ्यांचा विचार करू, कारण त्यांची तळमळ खरी आहे आणि त्यांच्या बाजूला साक्षीदारही मोठे आहेत. आविलाच्या संत तेरेजा यांनी आपल्या आत्मचरित्रात प्रांजळपणे लिहून ठेवले आहे की, बालपणी आईच्या पाठोपाठ त्यांनाही शूर सरदारांच्या प्रेमकथा आणि अद्भुतकथा वाचण्याचा नाद लागला. वडिलांना ते रुचत नसे, म्हणून त्यांच्या नकळत ही पुस्तके वाचली जात. नवे पुस्तक हाती असल्याखेरीज त्यांना चैन पडत नसे, आणि या नादापायी आपला भक्तिभाव थंडावला असे त्या स्वतःच सांगतात. ख्रिस्तसभेच्या एका आचार्येची ही साक्ष आहे. ती उडवून लावण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. पुस्तकांनी हानी होऊ शकते. जे पुस्तक कोणाचे काहीच बिघडवू शकत नाही, ते कोणाला काही घडवूही शकत नाही.

दुसरे उदाहरण नेहमी दिले जाते ते लोयोलाच्या संत इग्नेशियस यांचे. १५२१ साली पांपलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणाला खिळले असता त्यांनी वेळ घालवण्यासाठी आपल्या आवडीच्या सरदारी अद्भुतकथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या. मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. पुढचे सर्वांस ठाऊक आहे. आमचे मित्र म्हणतात, 'पाहा, कादंबरी मिळाली नाही म्हणून संत मिळाला!' परंतु ही कथा पुढे वाचावी. कोणी इग्नेशियस यांच्या हातून पुस्तक हिसकावले नव्हते; त्यांच्या हाती दुसरे, अधिक समर्थ पुस्तक ठेवले गेले होते. आणि जुन्या कथा त्यांच्या मनातून पुसल्या गेल्या काय? मुळीच नाही. १५२२ च्या मार्चमध्ये मोन्सेरात येथे पवित्र मातेच्या वेदीपुढे त्यांनी रात्रभर जागून आपली तलवार अर्पण केली, ती त्या सरदारी कथांतील शस्त्रजागराच्या रीतीने. 'आमादिस' सारख्या कथांनी आपले डोके भरलेले होते, हे त्यांच्याच आत्मनिवेदनात नमूद आहे. त्या कथांनी त्यांना निष्ठा म्हणजे काय, व्रत म्हणजे काय हे शिकविले होते. कृपेने ते जळण टाकून दिले नाही, त्यालाच आग लावली.

आता बंदीचा इतिहास पाहू. ख्रिस्तसभेने निषिद्ध ग्रंथांची यादी १५५९ साली प्रसिद्ध केली आणि १९६६ साली ती रद्द केली. चारशे वर्षांच्या या अनुभवातून आपण काय शिकलो? सॅम्युएल रिचर्डसन यांची 'पॅमेला' ही १७४० सालची कादंबरी, जिच्यात एक गरीब मोलकरीण धनिकाच्या वासनेपासून आपले शील राखते, ती या यादीत गेली. व्हिक्टर ह्युगो यांची 'ले मिझराब्ल' कित्येक दशके या यादीत होती. चोरी करून पळालेल्या कैद्याला चांदीच्या समया देऊन त्याचा आत्मा विकत घेणारा महागुरू याच कादंबरीत आहे! त्याचे उदाहरण आज आमच्या किती प्रवचनांत येते ते वाचकांनी आठवावे. यादी करणारे दुष्ट नव्हते. परंतु यादीला पुस्तकाचे नाव पुरते, त्यातला महागुरू यादीत मावत नाही.

आणि आमच्या पिढीने तरी काय केले? चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या भूमितीच्या पुस्तकात घालून वाचणारी मुले आज प्रपंचात पडून धर्मग्रामाच्या समित्यांवर बसली आहेत. काकोडकरांच्या 'श्यामा' या १९६२ च्या दिवाळी अंकातील कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली लेखक निर्दोष ठरले. आमच्या आईवडिलांनी ती पुस्तके चुलीत घातली. आम्ही ती फिरत्या वाचनालयातून पुन्हा आणली. त्या पुस्तकांविषयी आमच्याशी कोणी मोठ्या माणसाने एक शब्द बोलले असते, तर प्रीती आणि आसक्ती यांतला भेद आम्हांला लग्नानंतर ठेचकाळून शिकावा लागला नसता. जाळण्यातून आम्ही एकच धडा घेतला, तो लपविण्याचा. तोच धडा आज उशीखाली सापडतो आहे.

आता त्या तीन पुस्तकांकडे वळू.

जादूगार मुलाची कादंबरी म्हणजे 'हॅरी पॉटर'. १९९७ ते २००७ या काळात तिचे सात भाग निघाले, ५० कोटींहून अधिक प्रती खपल्या, मराठीतही ती आली. तिच्यावरील आरोप चेटकाचा. या प्रश्नावर ख्रिस्तसभेतही एकमत नव्हते हे आम्ही लपवीत नाही. २००३ साली तेव्हाचे कार्डिनल जोसेफ रॅटझिंगर यांनी एका जर्मन लेखिकेला लिहिलेल्या खासगी पत्रात या पुस्तकांतील सूक्ष्म मोहांविषयी चिंता दर्शविली होती. त्याच वर्षी व्हॅटिकनमधील एका पत्रकार परिषदेत फादर पीटर फ्लीटवुड यांनी या पुस्तकांत काही गैर दिसत नाही, उलट मुलांना बऱ्यावाईटाचा भेद कळण्यास त्यांची मदतच होते, असे मत दिले होते. दोघेही ख्रिस्तसभेचे, दोघेही विचारी. २०१९ साली पोलंडमधील ग्दान्स्क येथे मात्र काही धर्मगुरूंनी चर्चबाहेर 'हॅरी पॉटर' आणि 'ट्वायलाइट' ही पुस्तके इतर वस्तूंबरोबर जाळली. जगभर टीका झाल्यावर क्षमा मागण्याची पाळी आली. ग्रंथ जाळण्याच्या आठवणी ज्या भूमीत इतक्या भयंकर आहेत, तिथेच हे घडावे याचा आम्हांला खेद वाटतो.

आम्ही सातही भाग वाचले. जादूच्या कांड्या, मंत्र, उडते झाडू हे सारे त्यात आहे. परंतु या कथेचा कणा मंत्राचा नाही. एका मातेने आपल्या तान्ह्या बाळापुढे उभे राहून मरण पत्करले, आणि त्या प्रीतीपुढे मारेकऱ्याची सारी शक्ती निष्फळ ठरली, एवढ्या एका घटनेवर सात भाग उभे आहेत. शेवटी तो मुलगाही इतरांसाठी निःशस्त्र मरणाला सामोरा जातो. सातव्या भागात दोन कबरींवर पवित्र शास्त्रातील वचने कोरलेली आहेत: एक संत मत्तयच्या सहाव्या अध्यायातील एकविसावे, दुसरे करिंथकरांस पहिल्या पत्रातील पंधराव्या अध्यायाचे सव्विसावे. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील किती मुलांना ही दोन वचने न पाहता सांगता येतील? ड्रॅगनला भिणाऱ्यांनीही रविवारी मिस्साला गेल्यावर वेदीकडे नीट पाहावे. संत जॉर्जच्या भाल्याखाली कोण तडफडतो आहे? प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात सात डोक्यांचा आणि दहा शिंगांचा कोण आहे? राक्षस असतो हे मुलांना आधीच ठाऊक असते. तो मारता येतो, हे त्यांना कोणी तरी सांगावे लागते.

तेव्हा या पुस्तकाला आम्ही निर्दोष ठरवितो. बारा वर्षांच्या मुलाने ते वाचावे, आणि आईबापांनीही वाचावे.

दुसरे पुस्तक सफरचंदाचे, म्हणजे 'ट्वायलाइट'. स्टेफनी मेयर यांची ही प्रेमकथा २००५ ते २००८ या काळात चार भागांत निघाली आणि तिच्या १० कोटींहून अधिक प्रती जगभर गेल्या. सतरा वर्षांची बेला आणि शंभरी ओलांडलेला, पण दिसायला तरुण असा रक्तपिपासू एडवर्ड यांची ही कथा. येथे वाचकांना आश्चर्य वाटेल अशी गोष्ट सांगतो. शरीरसंबंधाच्या बाबतीत या कथेचा नायक आमच्या विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिराच्या वक्त्यांपेक्षाही कडक आहे. आधी लग्न, मग बाकी सारे, हा त्याचा हट्ट आहे आणि तो ते पाळतो. 'चुंबन कुठे आहे' एवढेच शोधीत पाने उलटणारी आई हे पुस्तक आनंदाने मुलीला परत देईल.

आणि नेमके येथेच आमचे तिच्याशी भांडण आहे. कारण हाच नायक मुलीच्या नकळत, तिच्या संमतीवाचून, रात्रीमागून रात्री तिच्या खोलीत शिरून ती झोपलेली असताना तिला पाहत बसतो. तिने आपल्या मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून तिच्या गाडीच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो. तो सोडून गेल्यावर ती कित्येक महिने जिवंत प्रेतासारखी वावरते आणि त्याचा आवाज कानी पडावा म्हणून कड्यावरून समुद्रात उडी टाकते. कादंबरी या साऱ्याला प्रेम म्हणते. शब्द इतके गोड आहेत की प्रौढ वाचकही वाहून जातो. आम्हीही दोन रात्री वाहून गेलो, हे कबूल केले पाहिजे. परंतु पाळत ठेवणे म्हणजे प्रेम नव्हे. वाट अडविणे म्हणजे काळजी नव्हे. जो तुझ्यावाचून जगू शकत नाही म्हणतो आणि तुलाही स्वतःवाचून जगू देत नाही, तो प्रियकर नव्हे, तुरुंगाधिकारी आहे. आमच्या गावांत लग्नानंतर सहा महिन्यांत सासरहून परत आलेल्या लेकी आहेत. त्यांतल्या काहींच्या नवऱ्यांची सुरुवात अशीच 'काळजी'ने झाली होती: फोन कुणाचा होता, उशीर का झाला, मैत्रिणीकडे कशाला जायचे. हे सारे आपल्या मुलीला कोण सांगणार? पुस्तक जाळणारी आई ते सांगू शकत नाही, कारण तिने ते वाचलेले नाही. दुर्लक्ष करणारी आईही सांगू शकत नाही, कारण तिनेही वाचलेले नाही.

या पुस्तकाविषयी आमचा निवाडा असा: मुलीने वाचायचे असेल तर वाचावे, पण एकटीने वाचू नये.

तिसरे पुस्तक सोनेरी वेष्टनाचे: रेबेका यारोस यांचे २०२३ सालचे 'फोर्थ विंग'. वीस वर्षांची, नाजूक हाडांची एक मुलगी आईच्या सक्तीने ड्रॅगनस्वारांच्या युद्धविद्यालयात दाखल होते. जिथे दुबळ्यांना मरणच ठरलेले, तिथे ती बुद्धीच्या आणि जिद्दीच्या बळावर टिकते. हा भाग आम्हांला आवडला. परंतु पुस्तकाच्या उत्तरार्धात शय्यागृहातील उघडी वर्णने आहेत आणि ती ओझरती नाहीत. त्या भगिनींनी उघडलेले पान त्यांपैकीच असावे. येथे सत्य असे की, प्रकाशकाने ही कादंबरी मुळी मुलांसाठी काढलेलीच नाही. ती प्रौढांसाठी आहे. मात्र ड्रॅगन, विद्यालय आणि झगझगीत मुखपृष्ठ पाहून दुकानदार ती मुलांच्या कादंबऱ्यांशेजारी मांडतो आणि बाप वाढदिवसाला विकत घेऊन देतो. सारा जे. मास यांच्या परीकथेवजा कादंबरीमालेची गोष्ट तर याहून बोलकी आहे. २०१५ पासून ती युवा वाचकांच्या विभागात विकली गेली आणि २०२० साली नवी मुखपृष्ठे चढवून तीच पुस्तके प्रौढांच्या विभागात नेण्यात आली. आतला मजकूर तोच. मधल्या पाच वर्षांत ज्या मुलींनी ती वाचली, त्यांची जबाबदारी कोणावर?

तेव्हा 'वाचतेय ना काहीतरी' म्हणणाऱ्यांना आमचे सांगणे असे की, औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी तुम्ही दोनदा वाचता. मुलीच्या हातातील पुस्तकाची पाठची बाजू एकदा तरी वाचा. हे तिसरे पुस्तक दहावीतल्या मुलीसाठी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ते आम्ही तिला तसे कारणासह सांगितले. तिने वाद घातला. घालू द्यावा. ज्याने पुस्तक वाचले आहे त्याच्याशीच मुले वाद घालतात. ज्याने वाचलेले नाही त्याच्याशी ती केवळ खोटे बोलतात.

तीन पुस्तके आणि तीन निराळे निवाडे. सभेपुढच्या ठरावात मात्र एकच शब्द आहे: बाहेर काढा.

प्रेम आणि अद्भुत यांना घराबाहेर काढून आपली श्रद्धा सुरक्षित राहील असे मानणाऱ्यांनी जे. आर. आर. टॉल्किन यांचे चरित्र पाहावे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही १९५४-५५ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी आजच्या साऱ्या अद्भुत कादंबऱ्यांची आजी होय. तिचा लेखक निष्ठावंत कॅथलिक होता. त्याची विधवा आई १९०० साली कॅथलिक झाली, त्यापायी नातलगांनी मदतीचा हात काढून घेतला आणि १९०४ साली ती वारली. बारा वर्षांच्या त्या मुलाचा सांभाळ फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी केला. पुढे त्याचे एडिथ ब्रॅट या अनाथ मुलीवर प्रेम जडले. अभ्यास मागे पडतोसे पाहून फादरांनी सांगितले, एकवीस वर्षांचा होईपर्यंत तिला भेटायचे नाही, पत्रही लिहायचे नाही. त्याने जवळजवळ तीन वर्षे ते पाळले. १९१३ च्या जानेवारीत एकविसावे वर्ष पुरे होताच त्याने तिला पत्र लिहिले. तिचे दुसरीकडे लग्न ठरले होते. ते मोडून ती त्याच्याकडे आली, कॅथलिक झाली आणि १९१६ साली त्यांचा विवाह झाला. तिच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९७१ पर्यंत, तो टिकला.

आपली ही कादंबरी मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे, असे टॉल्किन यांनी १९५३ साली एका येशूसंघीय धर्मगुरूंना कळविले होते. तीत चर्च नाही, प्रार्थनेचे पुस्तक नाही. तिच्यात आहे ती सत्तेची अंगठी, जी घालणाऱ्याला गिळते, आणि तिचा त्याग करण्यासाठी निघालेला एक छोटा जीव. ती अंगठी नष्ट होते तो दिवस लेखकाने ठरविला २५ मार्च, देवदूताने पवित्र मरियेला निरोप दिल्याचा सण. ठरावाच्या शब्दांप्रमाणे हे पुस्तकही वाचनालयाबाहेर जाईल, कारण त्यातही जादूगार आहे!

आता आमच्या स्वतःच्या अपराधाकडे येतो. गोव्यातील साष्टी प्रांतात फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' रचले आणि १६१६ साली ते छापले गेले, हे आपण अभिमानाने सांगतो. ते का रचले गेले याचा विसर आपल्याला पडतो. आरंभीच कवीने सांगितले आहे की नवख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मणाने पाद्रींना विचारले: आमची जुनी पुराणे तुम्ही आमच्याकडून बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? वाचकहो, मागच्या बाकावरील मुलीचा प्रश्न चारशे वर्षांपूर्वीही विचारला गेला होता. फरक असा की स्टीफन्स यांनी डोळे वटारले नाहीत. त्या इंग्रज धर्मगुरूने परकी भाषा आत्मसात केली आणि सुमारे ११ हजार ओव्यांनी उत्तर दिले.

आमचे उत्तर काय आहे? मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी 'यमुनापर्यटन' १८५७ साली बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाने लिहिली. २०२० साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या रूपाने एक कॅथलिक धर्मगुरू अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एवढी परंपरा पाठीशी असताना आपल्या लेखणीने पंधरा वर्षांच्या मुलीसाठी काय लिहिले? विहिरींवर लेख लिहिले, लग्नातील गाण्यांवर लिहिले, केळीच्या बागांवर लिहिले. हे सारे आवश्यकच होते. परंतु वसईच्या एखाद्या मुलीला पहिल्यांदा कोणी आवडते तेव्हा तिच्या मनात काय चालते, चर्चच्या पायऱ्यांवर नजरानजर होते तेव्हा ती प्रार्थनेत काय मागते, यावर तिच्या भाषेत आम्ही एक कादंबरी दिली नाही. परिणाम असा की आमची मुलगी मीठ-मिरची मराठीत मागते आणि मनातले इंग्रजीत सांगते. आजीला इंग्रजी येत नाही. मग जिने सोळाव्या वर्षी प्रेम, भीती, वाट पाहणे हे सारे भोगले आहे, तिच्याशी नातीचे बोलणे जेवणापुरते उरते. हे नुकसान कोणत्याही रक्तपिपासू भुताने केलेले नाही.

कोणी म्हणेल, हे शिक्षकाचे काम, पालकाला वेळ कुठे? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२४ साली साहित्याच्या महत्त्वावर एक पत्र लिहिले. तीत ते आपली आठवण सांगतात. १९६४-६५ मध्ये अर्जेंटिनातील सांता फे येथील शाळेत ते साहित्य शिकवीत असत. अभ्यासक्रमात जुने 'एल सिद' हे काव्य होते. मुलांना हवा होता गार्सिया लोर्का. तरुण शिक्षकाने मुलांना सांगितले की 'एल सिद' घरी वाचा, वर्गात आपण तुमच्या आवडीच्या लेखकांवर बोलू. अभ्यास सोडला नाही आणि मुलांची आवडही धुडकावली नाही. ज्यांना पुढे साऱ्या ख्रिस्तसभेचा भार वाहायचा होता, त्यांना यासाठी वेळ होता.

म्हणून ठरावाच्या जागी आम्ही दुसरी सूचना मांडणार आहोत. वाचनालयातून एकही पुस्तक न वाचता बाहेर काढू नये आणि एकही पुस्तक न वाचता आत घेऊ नये. प्रत्येक कादंबरीला एक वही जोडावी; जो प्रौढ ती वाचील त्याने वहीत आपल्या नावानिशी लिहावे की हे किती वयाच्या वाचकासाठी आहे, यातील चांगले काय आणि खटकणारे काय. मुलांनीही त्याच वहीत आपले मत लिहावे. महिन्यातील एका रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर, ज्यांनी एकच पुस्तक वाचले आहे अशा आई-मुलींनी आणि बाप-लेकांनी तासभर एकत्र बसावे. तीन प्रश्न पुरेत. या कथेत जो प्रेम करतो तो दुसऱ्याला मोकळे करतो की बांधतो? ज्याच्या हाती शक्ती येते तो ती कोणासाठी वापरतो? आणि शेवटी किंमत कोण मोजतो? या त्रैमासिकाच्या संपादकांनाही विनंती की, कुमारवयीन वाचकांसाठी मराठीतून लिहिलेल्या एका कादंबरीला या पानांवर क्रमशः जागा द्यावी. लेखक पुढे येणार नाहीत असे आम्हांला वाटत नाही. त्यांना आजवर कोणी विचारलेच नाही.

सूचना पडली तरी चालेल. पण मत देण्यासाठी हात वर करणाऱ्या प्रत्येकाने त्या तीनपैकी निदान एक पुस्तक वाचून सभेला यावे, एवढी आमची मागणी आहे. पुस्तके आम्ही त्या मुलीला परत दिली आहेत. मागायला कोणी आले तर ती देईल, असे तिने सांगितले आहे. तिसरे तिने आपणहून आईकडे दिले आणि म्हणाली, "आधी तू वाच, मग सांग." आईने अजून ते उघडलेले नाही, असे कळते. भगिनी, उघडा. शब्द अडला तर मुलीला विचारा.